पायाखाली फरशी नसलेली गाडी

आमचे घर ऊर्जानगरात आहे. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची ही वसाहत. रात्री दोन वाजता कोळशाच्या मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की पाहुणे दचकून उठून बसतात. आमची मुले कूसही बदलत नाहीत. 2920 मेगावॅटचे केंद्र शेजारी असले की आवाजाची सवय होते, राखेची होते, उन्हाळ्यातल्या सत्तेचाळीस अंशांचीही होते. सवय होत नाही ती एकाच गोष्टीची, जनावराची. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्रातल्या एका कामगाराला वाघाने मारले, तेव्हापासून मगरिबनंतर मुले अंगणात दिसत नाहीत. ताडोबा पाहायला लोक पैसे भरून येतात, आणि ताडोबा आमच्याकडे फुकटात येतो.

सांगायचे आहे ते मात्र खोपोलीच्या इमॅजिकातल्या नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरबद्दल. पण हा प्रवास सुरू झाला अब्बांच्या कामापासून, म्हणून आधी ते.

अब्बा केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागातून निवृत्त झाले. त्यांची बरीच वर्षे वॅगन टिपलरवर गेली. ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोळशाने भरलेली रेल्वेची वाघीण, म्हणजे वजनाने साठ टनांच्या घरात गेलेला माल, एका फिरत्या चौकटीत उभी करतात. बाजूने आणि वरून तिला आवळून धरतात आणि मग चौकट रुळांसकट फिरवून अख्खी वाघीण उलटी करतात. कोळसा खालच्या मोठ्या नरसाळ्यात पडतो, वाघीण परत सरळ होते आणि पुढे जाते. धाकटा तीन-चार वर्षांचा असताना त्याने शाळेत सांगितले होते की आमचे दादाजान रोज वाघिणी उलट्या करतात. ताडोबाच्या दारातल्या शाळेत या वाक्याचा काय अर्थ लागला असेल तो लागला. बाईंनी मात्र आम्हाला भेटायला बोलावले होते.

थोरली आता तेरा वर्षांची आहे. तिच्या वर्गातली एक मैत्रीण इमॅजिकाला जाऊन आली आणि तेव्हापासून घरात नायट्रोशिवाय दुसरा विषय राहिला नाही. अम्मींचे उत्तर ठरलेले होते: नाही. त्याला कारणही होते. सात वर्षांपूर्वी एका नातेवाइकांच्या गावी आम्ही उरसाच्या मेळ्यात गेलो होतो. थोरली तिच्या फुफीबरोबर गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसली. पाळणा जोरात आला आणि तिच्या पुढची लोखंडी दांडी उघडली. दांडीच्या खिळीच्या जागी बांधणीची तार पिळून लावली होती, हे आम्हाला नंतर कळले. फुफीने तिचा दंड जो धरला तो पाळणा थांबेपर्यंत सोडला नाही. पोरीच्या दंडावर पाच बोटे आठवडाभर निळी दिसत होती. मालकाने काय केले? तिकिटाचे चाळीस रुपये परत दिले. त्या दिवसापासून अम्मींनी आमच्या घरात पाळणा हा शब्दच बंद केला होता.

आम्ही दोघे त्यांच्याच बाजूचे होतो, हे कबूल केले पाहिजे. अब्बा मात्र म्हणाले, “बघून तर येऊ. बसायचं की नाही, ते तिथं जाऊन ठरवू.” अम्मी म्हणाल्या, “तुम्ही काय बघणार?” अब्बा म्हणाले, “खिळीच्या जागी तार आहे का, ते.”

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. चंद्रपूरहून वर्धा, वर्ध्याला गाडी बदलून पुणे. कोंढव्याला खालाकडे दोन दिवस मुक्काम झाला. तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे, फजर आटोपून, भाड्याच्या गाडीने बोरघाट उतरलो. पाऊस सरून फार दिवस झाले नव्हते. आमच्याकडचे जंगल सपाटीवरचे, सागाचे आणि बांबूचे. इथे अख्खा डोंगरच एकदम तुटलेला. धाकटा खिडकीला नाक लावून बसला होता.

घाट उतरताना अब्बांनी आम्हाला एक गोष्ट दाखवली. डोंगरावरून खाली खोपोलीकडे पाण्याचे मोठे नळ उतरतात. 1915 साली टाटांनी इथे जलविद्युत केंद्र सुरू केले. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतले पाणी सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचे आणि त्याच्या जोरावर चाके फिरवून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची, अशी ती योजना. आमच्या केंद्राचा पहिला संच 1983 चा, म्हणजे खोपोली आमच्याहून अडुसष्ट वर्षांनी वडील. अब्बा धाकट्याला म्हणाले, “बेटा, पाणी वर नेऊन ठेवलं की ते खाली येताना काम करतं. तुझी आपी ज्या गाडीत बसायचं म्हणते, तिलाही इंजिन नाही. एकदा वर ओढून सोडतात. पुढचं सगळं उतारावर.”

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यात आहे. 2013 च्या एप्रिलमध्ये ते सुरू झाले आणि नायट्रो त्याच वर्षाच्या अखेरीस आली. लोकल गाडीनेही येता येते. कर्जतहून खोपोलीपर्यंत रेल्वे आहे, पुढे रिक्षा. मुंबईच्या लोकांना याआधी गोराईचे एस्सेलवर्ल्ड माहीत होते, 1989 चे. आम्ही ते फक्त दूरदर्शनवरच्या जाहिरातीत पाहिले. तिथे जायची ऐपत आली तोवर आमचे वय निघून गेले होते.

फाटकातून आत गेल्यावर बाकीचे सगळे मागे पडते आणि ती लोखंडी नागमोड दिसते. चाळीस मीटर उंच, म्हणजे तेरा मजल्यांची इमारत. आमच्या चिमण्यांपुढे ती बुटकीच. पण चिमणीवर कोणी पोरांना बसवत नाही. गाडी वर खडखडत गेली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि खाली गेली. तिच्याबरोबर किंकाळ्यांची एक लाट आमच्या डोक्यावरून गेली. चौघे एका ओळीत, पाय हवेत लोंबकळत. अम्मींनी एकदा वर पाहिले, मग बाकावर बसल्या, तसबीह काढली आणि नंतर मान वर केलीच नाही.

या गाडीला फरशी नसते. म्हणजे स्थानकात असते. लोक चढतात, बसतात, मग पायाखालची फरशी बाजूला सरकते आणि पाय मोकळे राहतात. हे यंत्र स्वित्झर्लंडमधल्या बोलिजर अँड माबिलार्ड या कंपनीचे. वॉल्टर बोलिजर आणि क्लोद माबिलार्ड या दोन अभियंत्यांनी ती 1988 साली काढली. 1992 मध्ये त्यांनी अमेरिकेत शिकागोजवळ एक वेगळीच गाडी उभी केली. नेहमी गाडी रुळावरून धावते, इथे ती रुळाखाली लटकून धावत होती. कोळशाच्या खाणीतल्या दोरमार्गाच्या बादल्या कोणी पाहिल्या असतील तर तसेच, फक्त बादलीऐवजी खुर्च्या आणि खुर्च्यांत माणसे. तिला इन्व्हर्टेड कोस्टर म्हणतात. पाय लोंबकळण्याची मजा लोकांना इतकी आवडली की 1999 मध्ये त्याच कंपनीने गाडी पुन्हा रुळाच्या वर आणली आणि फक्त फरशी काढून टाकली. नायट्रो ही या दुसऱ्या घराण्यातली. रूळ बसणाऱ्याच्या खालीच असतो, पण पायाखाली काही नाही असे वाटत राहते. वाटेत ती पाच वेळा माणसाला डोके खाली, पाय वर करते.

अब्बा रांगेत शिरले नाहीत. त्यांच्या हृदयात स्टेंट आहे आणि बाहेरच्या फलकावर हृदयविकार असलेल्यांना मनाई आहे. त्यांनी कुंपणाच्या कडेने, जिथून चाके दिसतील अशी जागा शोधली आणि जवळजवळ पाऊण तास उभे राहिले. आम्ही दोघे आळीपाळीने त्यांच्याकडे जात होतो. एकदा गेलो तर ते म्हणाले, “चाकं मोजली. वरून आहेत, बाजूनं आहेत आणि रुळाच्या खालूनही आहेत.” ही खालची चाके महत्त्वाची. आगगाडी रुळावर फक्त बसलेली असते, ही गाडी रुळाला तिन्ही बाजूंनी धरून असते. ती सुटायची म्हटली तरी सुटू शकत नाही. पुढच्या फेरीला म्हणाले, “चढावरचा कटकट आवाज ऐकला? साखळी तुटली तरी गाडी मागं येऊ नये म्हणून ते दात आहेत. आमच्याकडं पट्ट्यालाही तसंच असतं.”

मग त्यांनी आम्हाला वर्तुळाविषयी सांगितले. आम्ही मन लावून ऐकावे असे ते फार क्वचित बोलतात. रुळाची उभी वळणे पूर्ण गोल नसतात, पाण्याच्या थेंबासारखी असतात, खाली पसरट आणि वर निमुळती. 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर एकाने पूर्ण गोल वळण केले होते. गाडी खालून आत शिरताच बसणाऱ्यांच्या मानेला असा हिसका बसे की लोक दुसऱ्यांदा बसायला तयार नसत. पुढे वेर्नर श्टेंगेल नावाच्या जर्मन अभियंत्याने थेंबाचा आकार आणला आणि 1976 मध्ये कॅलिफोर्नियात तशी गाडी धावली. त्यात हिसका हळूहळू वाढतो. वरच्या टोकाला गाडी मंदावते, म्हणून तिथले वळण आवळते आणि माणूस खुर्चीत दाबलेलाच राहतो. बादलीत पाणी घेऊन गरागरा फिरवली तर पाणी सांडत नाही, ते यामुळेच. अब्बा म्हणाले, “रेल्वेवालेही सरळ रुळावरून वळणात शिरताना असंच हळूहळू वळवतात. आमच्या साइडिंगला ते नीट केलेलं नव्हतं, म्हणून तिथं रिकाम्या वाघिणी घसरायच्या.”

एवढे झाल्यावर आम्हाला वाटले, आता ते हो म्हणतील. नाही म्हणाले. “लोखंड चांगलं आहे,” ते म्हणाले, “पण लोखंड मेळ्यातलंही वाईट नव्हतं. माणसं बघू द्या.”

इथे थोडे थांबून सांगतो, कारण आमच्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. 2019 च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झोक्यासारखा एक मोठा पाळणा मोडून पडला आणि दोघांचा जीव गेला. तेव्हा सगळे म्हणाले, असल्या गोष्टी आपल्याकडेच होतात. पण 2015 च्या 2 जूनला इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स या नावाजलेल्या उद्यानात स्मायलर नावाच्या कोस्टरवर काय झाले? पुढे एक रिकामी गाडी अडकली होती म्हणून संगणकाने मागची भरलेली गाडी रोखून धरली. यंत्राचे काम यंत्राने चोख केले होते. कर्मचाऱ्यांना मात्र वाटले की संगणकच चुकतो आहे. त्यांनी तो आदेश मोडून गाडी पुढे सोडली. टक्कर झाली, दोन तरुणींना पाय गमवावे लागले. पुढच्या वर्षी न्यायालयाने कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड केला. अब्बांना हा किस्सा माहीत होता. टिपलरवर त्यांचा स्वतःचा एक नियम होता, तो आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत: वाघीण आवळल्याचा दिवा लागल्याशिवाय बटण दाबायचे नाही, आणि दिवा लागत नसेल तर दिव्याला दोष द्यायचा नाही.

तर ते स्थानकाच्या बाजूला जाऊन माणसे पाहत राहिले. एक मुलगा प्रत्येक ओळीत जाऊन खांद्यावरचा पट्टा खाली ओढतो, मग वर ढकलून पाहतो. त्याच्या मागून दुसरी मुलगी तेच पुन्हा करते. दोघे बाजूला होऊन अंगठा दाखवतात, तेव्हाच आतला माणूस गाडी सोडतो. एकदा एका तरुणाने खिशातला मोबाईल बाहेर काढला. गाडी सुटली नाही. तो मोबाईल आत ठेवेपर्यंत मागची सगळी रांग ओरडत होती, पण आतला माणूस ढिम्म. अब्बांना बहुधा तेच पाहायचे होते. ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “रांग ओरडते म्हणून सोडत नाही तो. जाऊ दे पोरीला.”

राहिला स्कार्फ. थोरली गेल्या वर्षापासून डोक्यावर घेते. त्यावरून आम्हा दोघांत आदल्या रात्री बोलणे झाले होते. 2011 मध्ये ईदच्या दिवशी न्यूयॉर्क राज्यातल्या राय गावच्या प्लेलँड उद्यानात मुस्लिम कुटुंबांची मोठी सहल गेली होती. डोक्यावर काही असेल तर काही पाळण्यांवर बसता येणार नाही, असे तिथे सांगण्यात आले. बोलाचाली झाली, धक्काबुक्की झाली आणि पंधरा जणांना अटक झाली. सणाचा दिवस पोलिसांत गेला. आम्ही ती बातमी पुन्हा वाचली तेव्हा आमच्यापैकी एकाला उद्यानाचा राग आला आणि दुसऱ्याला वाटले की सैल कापडाची भीती खोटी नाही. मोटारसायकलच्या चाकात, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात ओढणी अडकल्याच्या गोष्टी आपल्याकडे कोणाला माहीत नाहीत? अब्बांच्या विभागात चालत्या पट्ट्याजवळ मफलर घालायलाही बंदी होती. ही अडचण ज्याने-त्याने आधी विचारून, आधी तयारी करून सोडवायची असते. ऐन रांगेत दोन्ही बाजूंची डोकी तापलेली असतात.

तयारी केली ती अम्मींनी, हे विशेष. पाळण्याला नाही म्हणणाऱ्या अम्मींनीच ऊर्जानगरात बसून ताणणाऱ्या कापडाचा, हनुवटीखालून शिवलेला, टाचणीशिवायचा स्कार्फ शिवला होता. टोके कुठेच लोंबत नव्हती. “नाहीच ऐकणार, तर निदान हे तरी घालून जा,” एवढेच म्हणाल्या होत्या. रांगेत शिरण्याआधी थोरलीने स्थानकातल्या मुलीला स्वतःच विचारले, “ताई, हे चालेल ना?” त्या मुलीने स्कार्फच्या कडेखाली बोट घालून ओढून पाहिले, मागे टाचणी नाही ना ते चाचपले आणि हसून आत सोडले. आमच्यापैकी एक जण तिच्याबरोबर बसला. कोण, ते सांगत नाही, कारण उतरल्यावर ज्याला बाकावर दहा मिनिटे डोळे मिटून बसावे लागले तो हाच.

चपला काढाव्या लागतात. पाय मोकळे असल्यावर दुसरे काय होणार? थोरलीने त्या कुंपणावरून दादाजानच्या हातात दिल्या. हातात चपला धरून निवृत्त कोळसावाला मान वर करून उभा आहे, हे चित्र आम्हाला जन्मभर पुरेल.

गाडीतले आम्हाला फार सांगता येणार नाही. चढ लांब वाटतो. वरून सह्याद्रीचा कडा दिसतो, मग खाली जमीन दिसते आणि मग काय दिसते ते कळत नाही. चाळीस मीटर पडणारी वस्तू तळाशी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोचते, असा हिशेब अब्बांनी आधीच सांगून ठेवला होता. त्याचा तिथे उपयोग झाला नाही. पहिल्या वळणाच्या माथ्यावर खरोखरच कोणी लटकत नाही, उलट खुर्चीत दाबले जाते. हे मात्र अब्बा म्हणाले होते तसेच निघाले. मिनिटा-दोन मिनिटांत सारे आटोपले.

धाकट्याची उंची मोजण्याच्या पट्टीला दोन बोटे कमी पडली. त्याने टाचा उचलून पाहिल्या. पट्टीवाल्या माणसाने न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या. त्यानंतरचा तास त्याची समजूत काढण्यात गेला. दुसऱ्या पाळण्यांची नावे घेऊन पाहिली, आईस्क्रीम घेऊन दिले. हिरवळीच्या कडेला आळीपाळीने जोहरची कसर नमाज अदा केली तेव्हाही तो बाजूला गाल फुगवून बसलेला होता. जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की लहान मुलाची उंची घरीच मोजून न्यावी. फाटकाशी कळले की दिवस खराब होतो. मोठ्या गाडीची रांग सकाळी लहान असते, दुपारी भरते. टोपी, चष्मा, किल्ल्या एकाच माणसाजवळ ठेवाव्यात आणि तो माणूस न बसणारा असावा.

परतीच्या वाटेवर घाटात अंधार पडला होता. अम्मींनी दिवसभरात पहिल्यांदाच विचारले, “उलटी झालीस तेव्हा काय दिसलं गं?”

थोरली म्हणाली, “काहीच नाही दादी. एकदाच, खाली दादाजान दिसले. माझ्या चपला छातीशी धरल्या होत्या त्यांनी.”

अब्बा खिडकीबाहेर खोपोलीच्या वीज केंद्राचे दिवे पाहत होते. ते काही बोलले नाहीत.

ऊर्जानगरात परतलो त्या रात्री मालगाडी आली होती, टिपलर चालू होता. सकाळी उठून पाहतो तर धाकट्याने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने स्वतःच्या डोक्याची रेघ मारली आहे आणि तिच्यावर दोन बोटे अंतर सोडून दुसरी. दुसऱ्या रेघेशेजारी इंग्रजी एन काढला आहे. नुकत्याच रंगवलेल्या चौकटीवर. अम्मी रागावल्या, पण पुसली नाही.